पेढीवरचे संकेतस्थळ

सुरत शहराच्या दक्षिण-पूर्व अंगाला, उधन्याच्या पलीकडे, डिंडोली नावाची वस्ती आहे. एके काळचे हे खेडे आता सुरतेचे एक दाट उपनगर झाले आहे. उधन्याहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी गावे घेत जळगावास पोहोचणारा तापी खोऱ्यातला लोहमार्ग शंभराहून अधिक वर्षे खानदेश आणि सुरत यांना जोडीत आला आहे. ह्याच मार्गाने खानदेशातील शेतकरी व मजूर कुटुंबे यंत्रमागांच्या आवाजाकडे ओढली गेली. त्यामुळे लिंबायत, उधना आणि डिंडोली ह्या भागांत अहिराणी आणि मराठी आजही घराघरांत ऐकू येते, आणि महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात. पहिली पिढी मागावर उभी राहिली. दुसऱ्या पिढीतले काही जण चार-आठ मागांचे धनी झाले, तर काही जण गुजराती पेढ्यांवर हिशेबनीस म्हणून बसले. अशा वस्तीच्या जीवनात संगणकशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नाचा प्रवेश कसा झाला, हा इतिहास थोडा विलक्षण आहे.

प्रश्न असा की, काम करणारी आज्ञावली कोठे असावी? दूरच्या एखाद्या मोठ्या केंद्रात, की ज्याचे काम आहे त्याच्या स्वतःच्या यंत्रावर? तंत्रज्ञांना हा प्रश्न गेली साठ-पासष्ट वर्षे पडत आला आहे. सुरतेच्या कापडव्यापाऱ्याला तो पडला २०१७ साली, आणि त्याला निमित्त झाले कराचे.

कापड आणि कर यांचे नाते भारतात पूर्वीपासून निराळे आहे. १९५७ साली केंद्र सरकारने एक कायदा करून गिरणीचे कापड, साखर आणि तंबाखू ह्या तीन मालांवरील राज्यांच्या विक्रीकराऐवजी अतिरिक्त उत्पादनशुल्क बसविले. ह्या व्यवस्थेचा परिणाम असा झाला की, कापडाचा सामान्य व्यापारी विक्रीकराच्या पत्रकांपासून पिढ्यान् पिढ्या दूर राहिला. सुरतेच्या बाजारात ताका हातोहात फिरे. विणकराकडून व्यापाऱ्याकडे, तेथून रंगाईच्या कारखान्यात, तेथून भरतकामास, आणि पुन्हा व्यापाऱ्याकडे. प्रत्येक हाताचा हिशेब त्या त्या पेढीच्या वहीत असे. वही पेढीवर राही, आणि दिवाळीला तिची पूजा होई. सरकारचा तिच्याशी रोजचा संबंध नव्हता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागू झाला आणि ही रीत एका रात्रीत बदलली. कृत्रिम धाग्याच्या कापडावर ५ टक्के कर बसला, तर ज्या धाग्यापासून ते विणायचे त्या धाग्यावर १८ टक्के. धाग्याचा दर ऑक्टोबर २०१७ मध्ये १२ टक्क्यांवर, आणि पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. परंतु आरंभीच्या त्या जुलै महिन्यात सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ बाजार बंद ठेवला, मोर्चे काढले, आणि रिंग रोडवरील एरवी गजबजलेली कापडबाजारे ओस पडली. दराविषयी तक्रार होतीच. पण तिच्या मागे आणखी एक भीती होती, ती पत्रकांची. ज्याने आयुष्यात कधी विक्रीकराचे पत्रक भरले नव्हते त्याला आता आपले प्रत्येक बिल संगणकावर चढवून सरकारच्या संकेतस्थळावर पोहोचवायचे होते, आणि तेही ठरलेल्या तारखेच्या आत. उशीर झाल्यास केंद्र व राज्य अशा दोन्ही कायद्यांखाली दिवसाला शंभर-शंभर रुपये विलंबशुल्काची तरतूद मूळ कायद्यात होती. पुढे ती रक्कम बरीच कमी करण्यात आली, तरी दिवसागणिक चढणाऱ्या दंडाची धास्ती लहान कारखानदाराच्या मनातून गेली नाही.

ह्या करव्यवस्थेचे संकेतस्थळ चालविण्यासाठी जीएसटी नेटवर्क ही संस्था २०१३ साली स्थापन झाली होती. देशभरातील लक्षावधी नोंदणीकृत व्यापारी एकाच दारातून आत येणार, हे तेव्हाच ठरले होते. माणसाचा स्वभाव मात्र कोणत्याही आराखड्यात मावत नाही. पत्रक शेवटच्या दिवशी भरण्याची सवय सर्वत्र सारखीच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये पहिले संक्षिप्त विवरणपत्र भरण्याची मुदत २० तारखेला संपत होती. आदल्या दिवशी दाराशी एवढी गर्दी झाली की संकेतस्थळ काही काळ बंद पडले, आणि मुदत २५ तारखेपर्यंत वाढवावी लागली. जुलै महिन्याच्या विक्रीचे सविस्तर पत्रक, जीएसटीआर-१, भरण्याची तारीख तर पुढे पुढे सरकत १० ऑक्टोबरपर्यंत गेली. सप्टेंबरमध्ये हैदराबादला भरलेल्या जीएसटी परिषदेने ह्या संकेतस्थळाच्या अडचणी पाहण्यासाठी मंत्र्यांची एक समिती नेमली. सुशीलकुमार मोदी तिचे प्रमुख होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सुरतेत तेव्हा महाजालाची वाण नव्हती. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची स्वस्त सेवा सुरू झाली होती आणि हमालाच्या खिशातही जोडणी आली होती. कमतरता रस्त्याची नव्हती, दारावर चेंगराचेंगरी होती. एका वेळी एक बिल संकेतस्थळावर लिहायचे, प्रत्येक वेळी उत्तराची वाट पाहायची, आणि मध्येच संबंध तुटला की पुन्हा आरंभ करायचा, अशी ती रीत होती. ज्या पेढीवर महिन्याला हजार बिले फाटतात तेथे ही रीत चालणे शक्य नव्हते.

त्यावर योजलेला एक उपाय म्हणजे जीएसटीचे ऑफलाइन साधन. संकेतस्थळावरून ते फुकट उतरवून घ्यायचे, विंडोज असलेल्या संगणकावर बसवायचे, आणि महाजालाच्या संबंधावाचून पत्रक तयार करायचे. एक्सेलच्या ठरावीक तक्त्यात लिहिलेली बिले ते एकदम आत घेते. एका वेळी १९,००० ओळींपर्यंत माहिती त्यात भरता येते. चुकीचा क्रमांक, चुकीची तारीख, रिकामा राहिलेला रकाना, अशा चुका ते तेथेच दाखविते. शेवटी जेसन नावाच्या साच्यातील एक छोटी फाइल तयार होते, आणि तेवढीच काय ती संकेतस्थळावर चढवायची असते. दिवसभराचे काम पेढीवर होते आणि केंद्राच्या दारात केवळ काही मिनिटे उभे राहावे लागते.

ह्या साधनाची रचना पाहिली तर एक मौज दिसते. ते उघडले की समोर येतो तो नेहमीचा ब्राउझर, आणि त्यात दिसते ते हुबेहूब संकेतस्थळाचे पान. परंतु पत्त्याच्या पट्टीत दूरच्या कोणत्याही केंद्राचे नाव नसते. तेथे असते ‘लोकलहोस्ट’. ह्या शब्दाचा अर्थ ‘हेच यंत्र’ एवढाच. संगणकांच्या व्यवहारात १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक यंत्राने स्वतःसाठी राखून ठेवलेला असतो. त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र घराबाहेर पडतच नाही. ते लिहिणाऱ्याच्याच हाती परत येते. साधन बसविताना एक लहानसा सर्व्हर, म्हणजे पाने पुरविणारा सेवक, व्यापाऱ्याच्या संगणकात गुपचूप मुक्कामाला येतो. ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो आणि तो ते देतो. ब्राउझरच्या दृष्टीने तो एका संकेतस्थळाशीच बोलत असतो. वस्तुतः सारा संवाद एका पेटीत चाललेला असतो. सरकारचे संकेतस्थळ जणू आपले बिऱ्हाड बांधून पेढीवर राहायला येते.

महाजालासाठी घडविलेली आज्ञावली बांधून वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालविण्याची ही कल्पना नवी वाटते, पण तिच्या मुळाशी असलेली गोष्ट विणकरांच्या गावाला तरी अपरिचित नसावी. फ्रान्समधील लियों शहरात १७२५ साली बुशों ह्या कारागिराने मागाच्या दोऱ्यांची निवड छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीने करून पाहिली. तीनच वर्षांनी फाल्कनने गुंडाळीच्या जागी पुठ्ठ्यांची माळ आणली. १८०४ साली जोझेफ मारी जॅकार्ड याने त्याला यंत्राचे पूर्ण रूप दिले. त्यापूर्वी नक्षी विणायची तर मागावर एक माणूस दोऱ्या ओढायला बसे आणि नक्षीचे ज्ञान त्याच्या हातांत असे. जॅकार्डच्या यंत्राने ते ज्ञान पुठ्ठ्यांत उतरविले. नक्षीकार एका गावी नक्षी काढतो, पुठ्ठे छिद्रले जातात, ती माळ दुसऱ्या गावी विणकराच्या मागावर टांगली जाते, आणि नक्षीकार जवळ नसतानाही त्याची आज्ञा पाळली जाते. १८३९ साली जॅकार्डचे एक चित्र अशाच मागावर रेशमात विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. चार्ल्स बॅबेजने त्या चित्राची एक प्रत स्वतःजवळ बाळगली होती, आणि आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना त्याने मागावरूनच उचलली. आजच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठे गेले आणि नक्षी पेन ड्राइव्हवरून चढू लागली. तत्त्व बदलले नाही. आज्ञा दुसरीकडे लिहिलेली, आणि काम आपल्या मागावर.

संगणकाने मात्र आरंभी हे तत्त्व उलटे केले. तो एवढा मोठा आणि महाग होता की माणसालाच आपले काम घेऊन त्याच्याकडे जावे लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामास लागला. १९६४ साली त्याच संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० ह्या यंत्रासाठी देशातील अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ आपापले पुठ्ठ्यांचे गठ्ठे मुंबईस आणीत. केंद्र एक आणि याचक अनेक, अशी ती व्यवस्था होती. पुढे टेबलावर मावणारा संगणक आला आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आज्ञावली वापरणाऱ्याच्या घरी आली. भारतीय पेढ्यांच्या बाबतीत ह्या बदलाचे नाव ‘टॅली’ असे सांगता येईल. १९८६ साली श्यामसुंदर गोयंका व त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी ज्या उद्योगाचा पाया घातला त्यातून ती हिशेबाची आज्ञावली पुढे आली. लाल बासनातील वही संगणकात गेली, पण ती राहिली पेढीवरच.

तिसरे वळण महाजालाचे. टिम बर्नर्स-ली याने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत आपली योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती जगाला विनामूल्य खुली केली. भारतात सामान्य ग्राहकाला महाजालाची जोडणी १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. प्रथम ही पाने केवळ वाचण्यासाठी होती. त्याच वर्षी ब्रेंडन आईक याने जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि पान हालचाल करू लागले. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आले, २००५ मध्ये गूगलचे नकाशे आले, आणि केवळ ब्राउझरच्या आधाराने एखादी पूर्ण आज्ञावली चालू शकते हे सर्वांना पटले. आज्ञावली पुन्हा केंद्राकडे गेली. करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. एकदाच लिहायचे, एकाच ठिकाणी दुरुस्त करायचे, आणि सगळ्यांना एकाच वेळी नवे रूप मिळायचे. गैरसोय एवढीच की, संबंध तुटला की कामही तुटे.

म्हणून महाजालाची आज्ञावली घरी आणण्याचे प्रयत्न तिच्या बाल्यापासूनच सुरू झाले. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर एक सोय दिली. पान महाजालाच्या भाषेत लिहायचे, पण चालवायचे स्वतंत्र आज्ञावलीसारखे, आणि त्याला संगणकातील फाइलींना हात लावण्याची मोकळीक द्यायची. मोकळीक मिळाली तशी चोरांचीही सोय झाली, आणि पुढे दुष्ट आज्ञावल्या पसरविण्यासाठी ह्या साधनाचा पुष्कळ दुरुपयोग झाला. मे २००७ मध्ये गूगलने ‘गिअर्स’ काढले. त्यायोगे संकेतस्थळाला आपली काही माहिती वापरणाऱ्याच्या यंत्रावर साठविता येई. त्याच वर्षी मोझिलाने ‘प्रिझम’ आणले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये अ‍ॅडोबीने ‘एअर’. ह्यांपैकी गिअर्स आणि प्रिझम २०११ पर्यंत मागे पडले. एअर २०१९ साली दुसऱ्या कंपनीकडे सोपविले गेले. कल्पना बरोबर होती, परंतु प्रत्येकाने आपले वेगळे जोडसाधन वापरणाऱ्याच्या यंत्रावर आधी असावे अशी अट घातली होती. पाहुण्याने यजमानाला आधी माझ्यासाठी खोली बांध असे सांगावे, तसा हा प्रकार होता.

ही अडचण निराळ्याच बाजूने सुटली. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर आणला आणि त्याचे अंतरंग सर्वांना खुले केले. २००९ साली रायन डाल याने जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरबाहेर काढून नोड हे साधन रचले. आता एकीकडे पान दाखविणारा ब्राउझर आणि दुसरीकडे यंत्रातील फाइलींशी बोलणारा नोड, दोन्ही एकाच भाषेचे. २०११ साली इंटेलमधील रॉजर वँग याने ह्या दोहोंची मोट बांधली. त्यावर काम केलेल्या चेंग झाओ याने २०१३ साली गिटहब कंपनीच्या ‘अ‍ॅटम’ ह्या संपादकासाठी नवी मोट बांधली, आणि २०१५ साली तिला ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव मिळाले. आधी खोली बांधा असे सांगण्याऐवजी इलेक्ट्रॉनचा पाहुणा आपली खोली पाठीवर घेऊनच येतो. प्रत्येक आज्ञावलीच्या गाठोड्यात एक संपूर्ण ब्राउझर बांधलेला असतो. स्लॅक, व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि २०१६ साली संगणकावर आलेले व्हॉट्सअ‍ॅप ही सर्व ह्याच रीतीने आली. ज्या अ‍ॅटमसाठी ही मोट बांधली गेली तो संपादक मात्र डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. वाहन राहिले आणि पहिला प्रवासी उतरून गेला.

ह्या सोयीची किंमतही मोजावी लागते. एका टेबलावर अशा पाच आज्ञावल्या उघडल्या की पाच ब्राउझर जागे होतात आणि तितकी स्मृती खातात. पेढीवरील जुना, कमी स्मृतीचा संगणक अशा वेळी धापा टाकू लागतो. बांधलेल्या ब्राउझरमध्ये एखादे छिद्र सापडले तर ते प्रत्येक गाठोड्यात वेगळे बुजवावे लागते. ह्यावर दोन तोडगे निघाले. २०१५ साली अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी ज्या रीतीला ‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ असे नाव दिले तिच्यात संकेतस्थळच ब्राउझरच्या मदतीने आपली शिदोरी यंत्रावर ठेवते आणि संबंध नसतानाही उघडते. दुसरा तोडगा ‘टाउरी’ ह्या साधनाचा. त्याची पहिली स्थिर आवृत्ती जून २०२२ मध्ये आली. ते ब्राउझर पाठीवर आणीत नाही. यंत्रात जो आहे त्याच्याकडेच उतरते. साहजिकच त्याचे गाठोडे हलके असते. जीएसटीच्या ऑफलाइन साधनाने ब्राउझर यजमानाचाच वापरला आणि सेवक मात्र बरोबर आणला. ह्या घराण्यात त्याची जागा मधली आहे.

मग सरकारला ही रीत का पत्करावी लागली? टॅलीसारखी एक स्वतंत्र आज्ञावली लिहून देणे अशक्य नव्हते. परंतु कराचे नियम त्या काळात भराभर बदलत होते. मूळ योजनेत विक्री, खरेदी आणि गोषवारा अशी तीन पत्रके होती. नोव्हेंबर २०१७ मध्येच त्यांतील दोन स्थगित झाली. दर बदलत होते, रकाने बदलत होते. अशा वेळी संकेतस्थळाचे पान एक आणि घरच्या आज्ञावलीचे पान दुसरे, असे दोन संसार सांभाळण्यापेक्षा त्याच घडणीचे पान बांधून देणे शहाणपणाचे होते. २०२१ साली आयकर विभागानेही एक्सेल आणि जावाची जुनी साधने बाजूस ठेवून जेसन पद्धतीचे ऑफलाइन साधन पुढे आणले, ते ह्याच दिशेचे पाऊल होते.

डिंडोलीसारख्या वस्तीला ह्याचा लाभ किती झाला, हे मोजताना पत्रकाचे आर्थिक वजन ध्यानात घ्यावे लागते. विणकराने दिलेल्या ताक्यावरील कर विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या देण्यातून वजा करून मिळतो. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, विकणाऱ्याने आपल्या पत्रकात ते बिल दाखविले असेल तरच घेणाऱ्याला ती वजावट मिळावी. म्हणजे चार मागांच्या धन्याने पत्रक भरले नाही तर नुकसान प्रथम मोठ्या व्यापाऱ्याचे होते, आणि मोठा व्यापारी ते फार काळ सोसत नाही. तो पैसे अडवितो किंवा पुढचे काम दुसऱ्याला देतो. हिशेबनिसाच्या हातून बिलाचा एक आकडा चुकला तर त्याची झळ शेवटी मागावरच्या मजुरीपर्यंत पोहोचते. म्हणूनच चूक पेढीवरच दिसणे, शांतपणे दुरुस्त करता येणे, आणि रात्री दाराशी गर्दी नसताना फाइल चढविता येणे ही केवळ सोय नाही. तिच्यावर कोणाची तरी उधारी वेळेवर वसूल होणे अवलंबून असते.

तरीही ह्या साधनाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. घरी आलेल्या आज्ञावलीबरोबर घरी आलेली जबाबदारीही असते. अर्धवट भरलेले पत्रक त्या एका यंत्रावर असते. ते यंत्र बिघडले तर केंद्राकडे त्याची प्रत नसते. नवी आवृत्ती आली की ती स्वतः उतरवून घ्यावी लागते. जुन्या आवृत्तीतून निघालेली फाइल केंद्र नाकारू शकते. आणि पान घरी आले तरी त्याची भाषा घरची झाली नाही. रकाने इंग्रजी, सूचना इंग्रजी. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या, पेढीवर गुजरातीत बोलणाऱ्या आणि घरी अहिराणीत भांडणाऱ्या तरुणाला ‘प्लेस ऑफ सप्लाय’ म्हणजे काय हे कोणाकडून तरी शिकावेच लागते. संकेतस्थळ बांधून आणताना त्याच्याबरोबर दुभाषाही बांधून आणणे कठीण नव्हते, पण ती गाठ कोणी मारली नाही.

दरम्यान लंबक पुन्हा हलला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. ती मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ह्या रीतीत व्यापाऱ्यांमधील बिल केंद्राकडे नोंदवून त्याचा क्रमांक मिळाल्यावाचून बिल ठरत नाही. महिन्याअखेर पत्रक तयार करण्याचा प्रश्नच बराचसा उरत नाही, कारण बिलाची नोंद केंद्रात आधीच झालेली असते आणि ती आपोआप पत्रकात उतरते. पेढीची वही आता बिलागणिक केंद्रात लिहिली जाते. ५ कोटींच्या आतील लहान व्यापाऱ्याला जानेवारी २०२१ पासून तिमाही पत्रकाची सवलत मिळाली आहे. त्याची बिले अजून पेढीवरच तयार होतात, आणि म्हणून बांधून आणलेल्या पानाची गरजही मुख्यतः त्याच्याच वाट्याला राहिली आहे.

सुरतेच्या व्यापाराने हे दोन्ही मार्ग पूर्वी पाहिले आहेत. ज्या काळी हुंडीवर देशभर व्यवहार चाले त्या काळी हिशेब प्रत्येक पेढीच्या वहीत राही आणि प्रवास करी तो केवळ एक कागद. त्या कागदामागे पेढीची पत उभी असे. जेसनची ती छोटी फाइल हुंडीच्याच वळणाची आहे. सारे घरी लिहावे, आणि दूर पाठवावे ते थोडके आणि नेमके. केंद्राने सर्व काही आपल्याकडे लिहून घेतले तर चोरी कमी होते, जुळणी सोपी होते, हे खरे. पण केंद्राचे दार बंद पडले की बाजार थांबतो, हेही ऑगस्ट २०१७ ने दाखविले. यंत्रे बदलतील आणि साधनांची नावेही बदलतील. चार मागांच्या धन्याचा व्यवहार दूरच्या दारावरच्या गर्दीमुळे अडता कामा नये, एवढी व्यवस्था जी रीत करील ती रीत डिंडोलीच्या हिशेबनिसाला आपली वाटेल.